रावणाला वाट कोण दाखवतं?

मोखाड्याच्या बोहाड्यात, म्हणजे मुखवटे घालून निघणाऱ्या सोंगांच्या उत्सवात, रावणाला दहा तोंडं असतात, आणि तरीही त्याला धड काही दिसत नाही. वीस डोळे रंगवलेले. खरे दोनच, तेही मुखवट्याच्या बारीक भोकांमागे, घामाने चुरचुरणारे. अशा अवस्थेत लंकाधिपती मध्यरात्री भर गर्दीतून, खाचखळग्यांच्या रस्त्यावरून नाचत जातो आणि कुणाच्या अंगावर कोसळत नाही. सीताहरणापेक्षा ही करामत मला अवघड वाटते.

हे आठवायचं कारण माझा भाचा. तो हल्ली मोबाइलवर एक कोड्यांचा खेळ खेळतो. त्यात एक लिबलिबीत प्राणी असतो, क्षणात दगड होतो, क्षणात पक्षी. गंमत अशी की त्याला ‘इकडे जा’ असं सांगता येत नाही. वाटेत काहीतरी ठेवायचं, एखादं दार लोटायचं, आणि तो आपणहून ते रूप घेईल याची वाट पाहायची. ‘‘मामा, अशी आयडिया याआधी कुणालाच सुचली नव्हती,’’ तो म्हणाला.

सुचली होती. 1989 साली डेव्हिड क्रेन नावाच्या गृहस्थांनी ‘अ बॉय अँड हिज ब्लॉब’ हा खेळ केला होता. त्यातल्या पोराने आपल्या गोळ्यासारख्या मित्राला व्हॅनिलाची गोळी चारली की त्याची छत्री व्हायची, ज्येष्ठमधाची चारली की शिडी. शीळ घातली की तो मागे यायचा, निदान यावा अशी अपेक्षा असायची. आणि आमच्या घराघरांतून हा खेळ त्याच्याही आधीपासून चालू आहे. लेकी बोले सुने लागे, हे दुसरं काय आहे? आमच्या आजीने सुनेला उभ्या जन्मात थेट काम सांगितलं नाही. तरी सगळी कामं वेळेवर व्हायची. मोबाइल नव्हता, एवढंच.

पण खरा कसबी खेळ बोहाड्याचा. होळी झाली की जव्हार-मोखाड्याकडे उन्हाळ्याच्या रात्री जगदंबेच्या नावाने ही सोंगं निघतात. गणपती येतो, शारदा येते, मग देव, दानव, वेताळ, राक्षसिणी अशी रांग लागते. मुखवटे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे. लगद्याच्या मुखवट्यांसाठी तर जव्हारचं नाव आहे. बरीच सोंगं घराण्यांकडे पिढीजात चालत आलेली असतात. म्हणजे दिवसा शेतावर राबणारा, चारचौघांत मान खाली घालून बोलणारा एखादा माणूस त्या रात्री हक्काने राक्षस होतो. गावातल्या म्हाताऱ्यांना त्याच्या बापाचा राक्षसही आठवत असतो, आणि बापाचा बरा होता, हेही ते लपवत नाहीत.

एकदा मुखवटा चढला की त्या माणसाला तोंडाने सूचना देण्यात अर्थ नसतो. संबळाच्या कडकडाटात कानाशी ओरडलं तरी ऐकू जाणार नाही. शिवाय साक्षात नरसिंहाला ‘जरा डावीकडून’ म्हणायचं कुणी? तिथे ठेका बोलतो. प्रत्येक सोंगाची चाल वेगळी. गणपतीच्या पावलांनी महिषासुर चालत नाही. ठेका पालटला की पाऊल पालटतं, टेंभ्याचा उजेड जिकडे सरकेल तिकडे सोंग सरकतं. शेवटी देवी आणि महिषासुर समोरासमोर येतात. आपण मरणार हे महिषासुराला ठाऊक असतं, सगळ्या गावाला ठाऊक असतं, आणि तरीही तो शेवटपर्यंत जोर लावतो. भाच्याच्या खेळात हरल्यावर लगेच पुन्हा सुरुवात करता येते. महिषासुराला वर्षभर थांबावं लागतं.

तारप्याचंही तसंच. दुधी भोपळ्याचं आणि बांबूचं ते वाद्य घेऊन एकजण मध्ये फिरतो, आणि हात गुंफलेली अख्खी साखळी त्याच्या सुरावर वळत राहते. वारली चित्रांमध्ये ती वेटोळी सगळ्यांनी पाहिलेली असतात. जव्हारकडे ती माणसांची असतात, एवढाच फरक.

‘‘मग यात प्लेअर कोण?’’ भाच्याने विचारलं. ‘‘संबळवाला,’’ मी ठासून सांगितलं, आणि त्याला दाखवायला बोहाड्याला घेऊन गेलो. पाहतो तर संबळवाल्याची नजर रावणाच्या पायांवर. पाय थकले की ठेका सैलावतो, पायांना जोर चढला की हात झडझडून पडतात. टेंभेवाला त्या दोघांचा अंदाज घेत मागे सरतो, गर्दी टेंभा पाहून फाकते. रावण ठेक्याच्या ताब्यात, ठेका रावणाच्या ताब्यात. आता भाच्याला काय सांगावं या विचारात मीही गर्दीबरोबर सरकत राहिलो. थांबलो तेव्हा बर्फाच्या गोळ्याच्या गाडीपुढे उभा होतो. तिकडे चल असं मला कुणीही म्हटलं नव्हतं, पण पैसे देऊन झाले होते आणि काला-खट्ट्याने भाच्याची जीभ जांभळी झाली होती.