काटा काही येईना

थंडीत माणसाला नको ते सुचतं. एरवी मी स्वयंपाकघरात फक्त पाणी प्यायला जातो, तेही भांडं कुठे ठेवलंय ते विचारून. पण पुण्यात पारा १० अंशांच्या आसपास घुटमळायला लागला, बायकोने माळ्यावरून डांबरगोळ्यांच्या वासाचे स्वेटर काढले आणि आईने डिंकाच्या लाडवांचा डबा माझ्या हाताला लागणार नाही अशा बेताने वरच्या फळीवर ठेवला, की माझ्या अंगात बल्लवाचार्य संचारतो.

यंदा निमित्त होतं पुतणीच्या बोरन्हाणाचं. भावाच्या लेकीची पहिली संक्रांत. काळं झबलं घालून, हलव्याचा मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा लेवून ती पाटावर बसणार, डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे ओतायचे, आळीतली पोरं ते लुटणार, असं सगळं ठरत होतं. म्हणजे बायका ठरवत होत्या आणि मी बोरन्हाणासाठी आणलेल्या शेंगा सोलून खात होतो. त्या भरात माझ्या तोंडून निघून गेलं, "दागिन्यांचा हलवा घरीच करू. मी करतो."

आईने चष्मा कपाळावर चढवला. "अरे, तुला दूध उतू गेलेलं शेजारचे येऊन सांगतात."

"त्यात काय आहे? तीळ आणि साखर!"

त्यात काय आहे ते आईने सांगितलं, पण मी निम्मंच ऐकलं. पितळी परात अगदी मंद आचेवर ठेवायची, त्यात तीळ किंवा साबुदाणा घ्यायचा, वर चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी हलकेच फिरवत राहायचं. तो थर सुकला की पुढचा चमचा. असं तासन्‌तास. एका बैठकीत होत नाही, आज थोडा, उद्या थोडा. हवेत गारठा हवा, म्हणून पहाटे बसायचं. मग दाण्यावर पांढराशुभ्र काटा फुलतो. घाई केली की काटा मोडतो.

आता आमच्या घरातला जानेवारी म्हणजे घाईचाच महिना. थोरलीची दहावीची पूर्वपरीक्षा, धाकट्याचं स्नेहसंमेलन, बायकोच्या ऑफिसात तिमाहीचे हिशेब, आईच्या गुडघ्यांना सकाळ-संध्याकाळ शेक, आणि एका गीझरवर पाच माणसं, त्यामुळे पहाटेपासून बाथरूमच्या दारावर थापा. या धांदलीत मी माकडटोपी घालून, खांद्यावर शाल टाकून गॅसपुढे उभा. ज्याला चहाच्या वेळी कुणी हाक मारायला विसरत नाही त्याने चहा करणाऱ्यांचीच वाट अडवली, तर काय होतं ते तुम्ही संसारी असाल तर जाणताच.

पाकाला एक तार आली असं मला वाटलं. तीळ परातीत घेतले, चमचाभर पाक सोडला, बोटं फिरवली. थोडा वेळ फार प्रसन्न वाटलं. तीळ सुटे, चकचकीत. काटा मात्र नाही. अजून पाक घातला. काटा नाही. मागून बायको म्हणाली, "मला डबे भरायचेत, अजून किती वेळ?" म्हणून आच वाढवली. बोटं भाजली म्हणून झारा घेतला. झारा घेतलाच आहे तर म्हणून चमच्याऐवजी पळीने पाक ओतला. इतक्यात मोबाइल वाजला. मेव्हणा विचारत होता, संक्रांत १४ ला की १५ ला? मी त्याला सूर्याच्या मकरप्रवेशाबद्दल सविस्तर सांगितलं. परतून बघतो तर परातीत तीळ उरलेच नव्हते. तिथे एक तपकिरी ढेप होती.

थोरली विज्ञानाचं पुस्तक हातात घेऊनच आली. "बाबा, पाणी सावकाश उडालं तर साखरेचे छान स्फटिक होतात. तुम्ही वेळच दिला नाही." दहावीची मुलं घरात असू नयेत.

ऑफिसला पोचलो तर हजेरीचं यंत्र माझं बोट ओळखेना. अंगठा लावला, तर्जनी लावली, पुसून लावली, फुंकर मारून लावली. यंत्रातली बाई शांतपणे 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणत राहिली. भाजलेल्या बोटांवर वाळलेला पाक होता, त्याखाली मी होतो, पण ते तिला कसं पटावं? शिपाई म्हणाला, "साहेब, तुमच्या बोटांना काटा आलाय." लेट मार्क लागला.

संध्याकाळी स्नेहसंमेलन. चिरंजीव मावळा. ऐन वेळी त्याची मिशी गळायला लागली, डिंक सापडेना, तेव्हा पातेल्यात उरलेला पाक मीच कोमट करून लावला. मिशी अशी बसली, की 'जी महाराज' हे त्याचं एकमेव वाक्य त्याने ओठ न हलवता म्हटलं. रात्री ती निघेना. मिशीसकटच झोपला, आणि सकाळी मुंग्यांनी उठवला.

बोरन्हाणाचे दागिने शेवटी तुळशीबागेतून आणले. काटा असा टपोरा, की मी कोपऱ्यात जाऊन भिंगातून पाहिला. पुतणीने पाटावर बसल्या बसल्या उजवा बाजूबंद खाऊन टाकला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझी ढेप आईने टाकू दिली नाही. साखर आहे ती, म्हणाली. रोज बत्त्याने एक तुकडा फोडते आणि चहाच्या आधणात टाकते.

रथसप्तमीपर्यंत तिळगूळ द्यायला-घ्यायला हरकत नसते. तेव्हा आमच्याकडे जरूर या. फक्त चहा पुढे आला की वर तरंगणारे तीळ बाजूला करा आणि आईदेखत हलव्याचा विषय काढू नका.