पंचवीस वर्षांचा पुरावा

राहुरी तालुक्यातलं देवळाली प्रवरा घ्या. भारनियमनात वीज गेली की दुकानातला सीसीटीव्ही झोपतो. चित्रीकरण साठवणाऱ्या डीव्हीआरमधला बटणसेल संपलेला असेल, तर वीज परतताच बऱ्याच यंत्रांचं घड्याळ थेट 1 जानेवारी 2000 वर जाऊन बसतं. केवढी ही इतिहासाची ओढ!

पोलीस ठाण्यांतलं चित्रीकरण 18 महिने जपा, असं सर्वोच्च न्यायालयानं 2 डिसेंबर 2020 रोजी बजावलं. आपला दुकानदार त्याहून काटेकोर. कालची चोरी त्याच्याकडे पंचवीस वर्षं जपलेली!

कॅमेऱ्याच्या काचेवर कोळ्याचं जाळं, जाळ्याआड विशीतला चोर गल्ल्यात हात घालताना स्पष्ट दिसतो. पुरावा बिनतोड. फक्त तारखेनुसार, चोरीच्या वेळी आरोपी जन्मायचा होता.

नवा सेल दोन-तीन चहांच्या पैशांत येतो. त्याच दुकानात विकायला टांगलेला आहे.