सिग्माचे सर

समाजशास्त्राच्या एम.ए.ला 'संशोधन पद्धती' शिकवणारे एक सर प्रत्येक कॉलेजात असतातच. सोलापुरातले हे सर पहिल्याच तासाला जाहीर करतात, "घाबरू नका, हे गणित नाही!" आणि लगेच फळ्याकडे वळून भलामोठा सिग्मा काढतात. वर्गाच्या पोटात गोळा. मागच्या बाकावर कुजबुज, "एम आडवा पडला की बे!" दहावीला गणितातून कसेबसे सुटलेले, पुन्हा त्याचं तोंड बघायला नको म्हणून कलाशाखेत आलेले हे जीव. त्यांना पाच वर्षांनी तोच सावकार दारात उभा दिसतो.

सरांचा उपाय एकच, सगळं सोलापुरी करायचं. "यंत्रमागावरच्या दहा कामगारांच्या पगाराची सरासरी काढा. आता त्यांच्यात मालकाला आणून बसवा. सरासरी कुठं गेली?"

"वर!"

"आणि मध्यक?"

"तिथंच, जवळपास."

"पगार कुणाचा वाढला?"

"कुणाचाच नाही ओ सर!" एवढं सगळ्यांना बरोबर कळतं. सूत्र मात्र कुणी उतरवून घेत नाही.

नमुना निवड शिकवताना सर बिडीवर येतात. निम्म्या वर्गाच्या घरी बिड्या वळल्या जातात, मजुरी हजारावर. "चेकर सगळ्या बिड्या बघतो का? चार कट्टे उचलतो, त्यावरून अख्ख्या मालाची लायकी ठरवतो. हाच नमुना!" एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी उसळते, "पण सर, तो मुद्दाम वाईटच कट्टे उचलतो. छाट काढायला." सर आनंदानं खडू टेबलावर आपटतात. "हीच अभिनती!" मुलगी वहीत लिहून घेते : अभिनती म्हणजे चेकर. माझ्या मते पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येपेक्षा ही बरी, पण पेपर तपासणाऱ्याला ते कोण सांगणार?

टी-टेस्टच्या दिवशी मात्र सर स्वतःच्या गोष्टीत अडकतात. गॉसेट नावाचा माणूस डब्लिनच्या गिनेस कंपनीत बिअरच्या कारखान्यात नोकरीला. कंपनी नोकरांना स्वतःच्या नावानं संशोधन छापू देईना, म्हणून त्यानं 1908 साली 'स्टुडंट' या टोपणनावानं लेख छापला. जव, छोटे नमुने, सगळं सर रंगवून सांगतात. वर्ग वर्षभरात पहिल्यांदा टक्क जागा. परीक्षेत उत्तर येतं : 'टी-टेस्ट ही बिअरची चव तपासण्याची पद्धत असून ती एका विद्यार्थ्याने शोधली.' सर कपाळाला हात लावतात आणि अर्धा गुण देतात. विद्यार्थी तरी बरोबर आहे, म्हणतात.

मग लघुप्रबंध. विषय ठरलेला, 'बिडी कामगार महिलांच्या समस्या : एक समाजशास्त्रीय अभ्यास'. प्रत्येक तक्त्याखाली 'वरील तक्त्यावरून असे दिसून येते की', आणि तक्त्यात जे दिसतं तेच पुन्हा अक्षरी. उत्तरदात्या बरोब्बर शंभर, कारण टक्केवारी काढावी लागत नाही. 'यादृच्छिक पद्धतीने निवडल्या' असं छापलेलं, निवडल्या आपल्याच गल्लीतून. सर तांबड्या शाईनं खुणा करतात, मुलं नवी प्रिंट काढतात, खुणांच्या जागी तीच वाक्यं.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक येतात. चहा घेता घेता विचारतात, "नमुना शंभरचाच का घेतला?" सर मुलाकडे आशेनं बघतात. वर्षभर शिकवलेलं आता कुठंतरी वर येईल.

मुलगा ताठ बसतो. "सर, एकशे एकावी बाई घरी नव्हती."