हाड कुणाचं?

"ऐकलंत का वहिनी? अण्णांच्या वरच्या जबड्यात हाड भरलं."

"अगंबाई! कुणाचं?"

"हळू बोला, माई अंगणातच आहेत."

"पण दात बसवायला हाड कशाला? आमच्या ह्यांना खाली थेट स्क्रूच बसवला की."

"खालचं वेगळं. वरच्या दाढांच्या डोक्यावर सायनसची पोकळी असते. सर्दीत दाढा ठणकतात ना, ती तिचीच करणी. अण्णांनी दाढा काढल्या आणि वर्षानुवर्षं हिरड्यांवर भागवलं. दाढ गेली की हाड झिजतं, वरून पोकळी खाली उतरते. स्कॅनमध्ये जेमतेम ३ मिलिमीटर हाड निघालं. एवढ्यात स्क्रू धरणार कशाला?"

"मग?"

"गालाच्या बाजूनं हाडाला खिडकी पाडायची, सायनसचा पडदा अलगद वर सारायचा आणि मधल्या जागेत हाडाचा चुरा भरायचा. पडदा म्हणजे अंड्याच्या टरफलाआतला पापुद्रा! फाटला की पंचाईत. माझी भाची डेंटिस्ट ना, ती म्हणाली, अमेरिकेत टेटम म्हणून एका डॉक्टरांनी १९७० च्या दशकातच हे सुरू केलं."

"आणि दात कधी?"

"चुऱ्याच्या आधारानं आपलं हाड धरायला सहा-आठ महिने. सध्या नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडून."

"तरीच! परवा मला वाटलं ट्रकचा टायर फुटला."

"अण्णाच ते."

"पण हाड कुणाचं, ते राहिलंच."

"पुष्कळदा गाईबैलांचं असतं. प्रक्रिया करून त्यातलं मांसल सगळं काढतात, नुसता खनिज सांगाडा उरतो. स्वतःच्या हनुवटीचं नाहीतर कमरेचंही घेता येतं, पण दुसरी जखम कोण ओढवून घेणार?"

"गाईचं? अहो, अण्णांना कांदा चालत नाही!"

"फॉर्मवर बारीक अक्षरांत होतं म्हणे. अण्णा सही करून मोकळे. सुनेनं वाचलं आणि थेट डॉक्टरांना विचारलं. कॅल्शियम फॉस्फेटचा कृत्रिम चुराही मिळतो, तोच भरला. हुशार हो पोरगी. एरवी माई तिला नावं ठेवतात."

"माईंना कळलंय का हे?"

"गाईचं नाव कोण काढणार त्यांच्यापुढे! शंखभस्मासारखं काहीतरी आहे, एवढंच सांगितलंय."

"आणि अण्णांची तपकीर?"

"डबी जप्त! काल कुंपणापाशी येऊन आमच्या ह्यांना हळूच विचारत होते, चिमूटभर आहे का म्हणून."

"दिली की काय?"

"हे फडताळात शोधायलाही लागले होते! थांबा, कुकर बोलावतोय. बाकीचं संध्याकाळी."