माशीवाले तात्या

ट्राउट हा थंड, वाहत्या पाण्यातला मासा. पाणी वीस अंशांच्या वर गेलं की त्याचा जीव घाबरा होतो. बीड जिल्ह्यातल्या घाटनांदूरला मे महिन्यात नळाचं पाणी चहाला अर्धं तापूनच येतं. म्हणजे येतं तेव्हा. तरीही ट्राउटवर अधिकारवाणीने बोलणारा एक माणूस या भागात सापडतोच. त्याला आपण तात्या म्हणू. तात्या निवृत्त असतात, मोबाईलमध्ये रोजचा डेटा शिल्लक असतो आणि घरात त्यांच्यावाचून कुणाचं काही अडत नसतं. अशा माणसाच्या हाती एखाद्या दुपारी ट्राउटच्या फ्लाय फिशिंगचा व्हिडिओ लागतो आणि घरादाराचे ग्रह फिरतात.

मासा धरायला आपल्याकडे लागतं काय? बांबूची काठी, तंगूस, गळ आणि गांडूळ. एवढ्यावर पाझर तलावाकाठची पोरं शाळा बुडवून मरळ काढतात. तात्यांना हे मान्य नाही. “गांडूळ लावून कुणीबी धरंल!” त्यांचा मासा फसला पाहिजे तो खोट्या माशीला, आणि ती माशी तात्यांनी स्वतः बांधलेली असली पाहिजे.

माशी बांधायची म्हणजे गळाभोवती रेशमी दोरा गुंडाळत त्यात पिसं अशी बसवायची की पाण्यावर खरा किडा पडल्याचा माशाला भास व्हावा. पिसं हवीत कोंबड्याच्या मानेची, लांब आणि ताठ. चिकन सेंटरवरचा ब्रॉयलर दीड महिन्यातच संपतो, त्याला कसली मान आणि कसला ताठा! म्हणून तात्या गावरान कोंबड्याच्या शोधात शेत-आखाडे हिंडतात. गळ धरायचा चिमटा वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेला. दोऱ्याची गाठ पक्की करायला नखांचं पॉलिश लागतं; ते आणायला सत्तरीचे तात्या बांगड्यांच्या दुकानात शिरले त्या दिवशी काकूंना चार घरांतून फोन आले. मोराच्या पिसाचे तंतू माशीच्या अंगाला फार शोभतात. नायगावचं मयूर अभयारण्य बीड जिल्ह्यातच आहे, पण तात्यांचं अभयारण्य देवघरात. बाळकृष्णाच्या मुकुटातलं पीस दर एकादशीला थोडं विरळ दिसतं. काकू उंदरांना दोष देतात.

तात्यांशी वाद घालू नये. ते थेट इतिहासात शिरतात. अठराशे वर्षांपूर्वी मॅसिडोनियातले लोक गळाला तांबडी लोकर आणि कोंबड्याची दोन पिसं बांधून मासे धरत, हे इलियन नावाच्या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय. काश्मिरात ट्राउट आला तो स्कॉटलंडहून, 1900 साली, अंड्यांच्या रूपाने. आणि परदेशाचं कौतुक कशाला? कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 1129च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला. त्यात मत्स्यविनोद आहे, गळाची काठी आहे, कोणत्या माशाला काय खायला घालावं तेही आहे. कल्याणी म्हणजे आताचं बसवकल्याण, बिदर जिल्ह्यातलं. “आपल्याच मुलखातला राजा गळ टाकीत बसायचा, आन् तुम्ही मला हसता!” या मुद्द्यावर मी तात्यांच्या बाजूने आहे. राजाला मात्र पिसांसाठी कोंबड्यांमागे पळावं लागलं नसणार.

खरा प्रसंग काठावर. साध्या गळात वजन असतं म्हणून तो लांब जातो. माशीला वजनच नाही, त्यामुळे फेकायची ती दोरी. दोरी आधी मागे सरळ होऊ द्यायची, मग पुढे सोडायची. तात्या पोतराजाच्या आवेशाने हात फिरवतात, दोरी मागच्या बाभळीत अडकते, आणि तीन संध्याकाळी खपून बांधलेली माशी फांदीवर डुलत राहते. त्या बाभळीला आता शेंगांपेक्षा माश्या जास्त.

एकदा वाण नदीच्या धरणावर चिलापी लागली. हाताच्या पंजाएवढी. तात्यांनी ती ओल्या हाताने अलगद धरली, गळ काढला, फोटो घेतला आणि पुन्हा पाण्यात सोडली. कारण तात्या माळकरी आहेत! गळ्यात तुळशीची माळ, आषाढीची वारी चुकत नाही, मासा तोंडात घालायचा प्रश्नच नाही. काकू म्हणाल्या, “सोडायचीच व्हती तर धरली कशाला?” जगभरच्या फ्लाय फिशिंगवाल्यांच्या बायका हाच प्रश्न विचारत आल्या असणार. तात्यांनी उत्तर दिलं नाही. चिमट्यात नवा गळ अडकवला आणि चष्मा पुसायला घेतला.

माझं मत विचाराल तर तात्यांना मासा नकोच आहे. लागला तर त्यांचीच पंचाईत होते. काठी गुंडाळावी लागते, लोकांना हकिगत सांगावी लागते, आणि दुपारचं बांधकाम खोळंबतं.

तेव्हा एवढंच करा. घरी गावरान कोंबडा कापलात, तर मानेची पिसं कागदात गुंडाळून तात्यांकडे पोचवा. आणि कापायचा नसेल तर तो खुराड्यात बंद ठेवा. जिवंत कोंबड्यांकडे तात्या हल्ली फार वेळ बघत उभे राहतात.