भांडणापुरतं इंग्रजी

अमेरिकेत नव्याने आलेल्या प्रौढांना इंग्रजी शिकवायची जी पुस्तकं असतात, त्यांत कोणीच कोणाशी भांडत नाही. पहिल्या धड्यात सगळे एकमेकांना भेटून आनंदित होतात. दुसऱ्यात हवा छान पडलेली असते. पुढे कुठेतरी एक गृहस्थ पोस्टाचा रस्ता विचारतात आणि ज्याला विचारला तो चक्क खरा रस्ता सांगतो. सदाशिव पेठेत हयात गेलेल्या बाईला हे वाचून आपण परीकथा शिकवतोय असं वाटलं, तर तिचा काय दोष?

मी न्यू जर्सीत लेकीकडे राहते. नातू शाळेत जायला लागला आणि दुपारी घरात डिशवॉशरखेरीज कोणी आवाज करेना, तेव्हा लेकीने मला गावच्या सार्वजनिक वाचनालयात नेऊन सोडलं. इथल्या बऱ्याच वाचनालयांत प्रौढांसाठी इंग्रजीचे फुकट वर्ग चालतात, आणि शिकवणारेही फुकटच असतात. तिथल्या समन्वयक बाईंनी माझी मुलाखत घेतली आणि माझे उच्चार ‘इंटरेस्टिंग’ आहेत असं सांगितलं. अमेरिकन माणूस असं म्हणतो तेव्हा पुढे विचारायचं नसतं, एवढं मला एव्हाना कळलं होतं.

मग प्रशिक्षण. त्यात थोर माणसांच्या गोष्टी सांगतात. सिरॅक्यूज शहरातल्या रूथ कोल्विन या गृहिणीने जनगणनेचे आकडे वाचले, आपल्याच शहरात हजारो मोठ्या माणसांना धड वाचता येत नाही हे तिला कळलं, आणि १९६२ मध्ये तिने स्वयंसेवकांची संस्था काढली. बाई २०२४ मध्ये गेल्या, वयाच्या १०७व्या वर्षी. फुकट शिकवल्याने आयुष्य वाढतं, असा अर्थ आमच्या वर्गातल्या सगळ्या निवृत्त मंडळींनी लगेच काढला. त्यांच्याही आधीचे फ्रँक लॉबाक. हे मिशनरी १९३० च्या सुमारास फिलिपीन्समधल्या लानाओ भागात अक्षरं शिकवत होते. पैसे संपले, शिक्षकांना पगार द्यायला काही उरेना. तेव्हा तिथल्या एका सरदाराने फर्मान काढलं की जो शिकला त्याने दुसऱ्याला शिकवायचं, नाहीतर आपण त्याला ठार मारू. ही हकीकत लॉबाकच सांगत असत. ‘एकाने एकाला शिकवा’ हे जगभर भिंतींवर रंगवलेलं गोड वाक्य मुळात असं दमदाटीतून आलेलं आहे, हे ऐकून मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

माझ्या वर्गात इक्वेडोरच्या एक ताई होत्या, रात्री ऑफिसं साफ करणाऱ्या. हैतीचे एक काका. पेरूची एक तरुण आई. आणि मेहसाण्याच्या एक बा. सगळे मला ‘टीचर’ म्हणायचे, अगदी आपल्याकडची पोरं ‘बाई’ म्हणतात त्याच सुरात. पुस्तकातला भाजीबाजाराचा धडा चालू होता. मध्येच ताईंनी वही पुढे केली. तिच्यावर लिहिलं होतं: ४६ तास काम, ४० तासांचा पगार. खाली एक प्रश्नचिन्ह.

हिशेब त्यांचा चोख होता. आठवड्याला चाळीस तासांच्या वर काम झालं की दीडपट मजुरी द्यावी लागते, हा इथला कायदाही त्यांना ठाऊक होता. मुकादमासमोर उभं राहून म्हणायचं वाक्य तेवढं नव्हतं. आणि माझ्या पुस्तकात त्या मुकादमाला शुभप्रभात कसं म्हणायचं ते होतं.

मी पुस्तक मिटलं. जोतिरावांनी १८५५ मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली, ती काय त्यांना हवापाण्याच्या गप्पा मारता याव्यात म्हणून? सावकाराने कागदावर काय लिहिलंय हे कळल्याशिवाय अंगठा उठवू नये, हा साक्षरतेचा पहिला उपयोग आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतो. न्यू जर्सीत सावकार टाय लावतो, एवढाच फरक.

तर भांडणाचा अभ्यासक्रम सुरू झाला. धडा पहिला: हसायचं नाही. हा सगळ्यांत अवघड गेला. परक्या देशात भाषा येत नसली की माणूस आधी हसतो, आणि समोरचा समजतो की याचं सगळं ठीक चाललंय. धडा दुसरा: तारीख आणि रक्कम आधी, गाऱ्हाणं नंतर. धडा तिसरा: ‘लिहून द्या’. हे वाक्य मी पुण्यात रोज ऐकत आले, बहुतेक वेळा माझ्याच तोंडून. चौथ्या धड्यात व्याकरण नव्हतंच. आपलं म्हणून झालं की गप्प उभं राहायचं. इंग्रजी बोलणाऱ्यांना शांतता फार वेळ सोसत नाही. ते ती भरून काढतात, आणि भरता भरता कबूल होतात.

सरावासाठी समोरचा माणूस मी व्हायची. इथे माझी तीस-पस्तीस वर्षांची बँकेतली नोकरी कामाला आली. गिऱ्हाइकाला परत पाठवायच्या सगळ्या तऱ्हा मला मुखोद्गत होत्या. साहेब जेवायला गेलेत. सिस्टिम बंद आहे. हा फॉर्म जुना आहे. उद्या या. हैतीच्या काकांची घरमालकाकडे अनामत अडकली होती. न्यू जर्सीचा कायदा या बाबतीत झकास आहे: दीड महिन्याच्या भाड्याहून जास्त अनामत घेता येत नाही, घर सोडल्यावर तीस दिवसांत ती परत द्यावी लागते, आणि नाहक अडवली तर कोर्ट दुप्पट द्यायला लावतं. पण काका पडले फ्रेंच शाळेत शिकलेले, अदबशीर. त्यांनी मालकाला लिहिलेलं पत्र मी वाचलं. ते वाचून मालकाला आपला सत्कार ठरलाय असं वाटलं असणार. मी टेबलामागे बसून त्यांना परत परत हाकललं. शेवटी एका दुपारी काकांनी टोपी काढून टेबलावर ठेवली, ‘थर्टी डेज’ म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले. मी साहेब जेवायला गेलेत म्हणाले. ‘आय वेट,’ काका म्हणाले. व्याकरण चुकलं होतं. दुरुस्त करायची माझी छाती झाली नाही.

पेरूच्या आईचं प्रकरण वेगळं. ती डॉक्टरकडे जाताना नऊ वर्षांच्या मुलाला दुभाषा म्हणून न्यायची. बायकांच्या दुखण्याविषयी आईला काय विचारायचं आणि डॉक्टरांना काय सांगायचं, हे सगळं त्या पोराच्या जिभेवरून जायचं. घरोघरी हेच चालतं, पोरं शाळेत चटकन इंग्रजी शिकतात आणि आईबापांचे वकील होऊन बसतात. खरं तर सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यांना रुग्णासाठी फुकट दुभाषा द्यावाच लागतो. तिला तीन शब्द शिकवले: ‘इंटरप्रिटर. स्पॅनिश. प्लीज.’ त्यातला ‘प्लीज’ तिने आग्रहाने घालून घेतला. पुढच्या वेळी मुलगा बाहेर बाकावर बसून फोनवर खेळत होता म्हणे. हे ती सांगत होती तेव्हा मी कितीतरी वेळ फळा पुसत होते, त्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

बांना मात्र कशाचीच घाई नव्हती. नागरिकत्वाच्या परीक्षेला त्यांना इंग्रजीची सूट होती. पंचावन्न वय आणि पंधरा वर्षांचं ग्रीन कार्ड असलं की प्रश्नोत्तरं आपल्या भाषेत देता येतात. मग वर्गाला का येता, असं मी विचारलं. सून फोनवर मैत्रिणीशी इंग्रजीत बोलते, त्यात आपलं नाव फार वेळा येतं, असं त्या म्हणाल्या. हाही भांडणाचाच विषय असल्यामुळे मी त्यांना बसू दिलं.

वर्षअखेर वाचनालयाचा फॉर्म आला. विद्यार्थ्यांनी कोणती उद्दिष्टं गाठली त्यावर खूण करायची. नोकरी मिळाली, नागरिकत्व मिळालं, मुलांना गोष्ट वाचून दाखवली, असे चौकोन होते. मी ‘इतर’वर खूण करून पुढे लिहिलं: सहा तासांची दीडपट मजुरी वसूल. काकांची अनामत दुप्पट मिळाली नाही, पण पूर्ण मिळाली. ती पण लिहिली.

दोन दिवसांनी समन्वयक बाईंचं बोलावणं आलं. दार लोटून घेतलं त्यांनी. आता हा वर्ग बंद, असं मी धरूनच चालले होते. बाईंनी फॉर्म पुढे सरकवला, अनामतीच्या ओळीवर बोट ठेवलं आणि अतिशय हळू आवाजात विचारलं, हा धडा नक्की कोणत्या वारी असतो? त्यांच्या आधीच्या घरमालकाने ऑगस्टपासून पैसे दिले नव्हते. त्यांनी त्याला तीन ईमेल पाठवल्या होत्या, तिन्हींत त्याच्या कुत्र्याची चौकशी केली होती.

गुरुवारी त्या मागच्या रांगेत, बांच्या शेजारी येऊन बसल्या. मी घरमालक झाले. बाई उठल्या, अस्खलित इंग्रजीत बोलायला लागल्या, वाक्य संपता संपता हसल्या.

‘नो, नो,’ इक्वेडोरच्या ताई पुढून म्हणाल्या. ‘नो स्माइल. अगेन.’