शेपूट घ्यावं तर कोणतं?

हान्स अँडरसनच्या १८३७ सालच्या गोष्टीत मत्स्यकन्येने दोन पायांसाठी शेपूट सोडलं, वर आवाजही देऊन टाकला. आता दोन धडधाकट पायांची माणसं जलपरीसारखं पोहायला पैसे मोजून शेपूट घेतात आणि कोणतं घ्यावं यावर आवाज बसेपर्यंत वाद घालतात. म्हणजे आवाज दोन्हीकडे जातोच!

शेपटाचा कणा म्हणजे मोनोफिन, दोन्ही पावलं एकत्र अडकवायचा एकच रुंद पंखा. प्लॅस्टिकचा मोनोफिन हलका, पण लेचापेचा. रबराचा मऊ, पण जड. फायबरग्लासचा शर्यतीतला, सुसाट; नवशिक्याच्या घोट्यांशी मात्र त्याचं जुनं वैर. वर लायक्राची खवलेदार खोळ चढवली की झाली परी तयार.

फ्लोरिडातल्या वीकी वाचीच्या झऱ्यात १९४७ पासून जलपऱ्या रबरी नळीतून हवा ओढत हसतमुखाने खेळ करतात. पाण्यात सगळ्याच डौलदार. खरी परीक्षा काठावर. तिथे पाय अडकलेली परी बुडावर सरकत सरकत पाण्याकडे निघते, पोत्याच्या शर्यतीत आपटलेल्या पोरासारखी.

म्हणून तुलनेच्या तक्त्यात रंग, लांबी, वेग यांच्याआधी एकच रकाना हवा: नाकात पाणी गेलं, तर पाय किती सेकंदांत सुटतात?